राजदूत ३५०: ब्रेक, हाताळणी आणि बदनामीची खरी पारख

"राजदूत साडेतीनशेला ब्रेकच नाहीत" हे वाक्य जुन्या गाड्यांच्या कुठल्याही गॅरेजच्या दारात ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याने जी गाडी चालवली तिच्यापुरतं ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण त्या गाडीचे लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) शेवटचे कधी बदलले, चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या फोर्कचे, बुश कुठल्या साली टाकले, मागे कुठला टायर बसवला होता, हे विचारलं की उत्तर येत नाही. चाळीस वर्षांची झिजलेली गाडी चालवून निकाल मात्र कारखान्यातून निघालेल्या गाडीवर दिला जातो. या परीक्षणात आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत: गाडीचे अंगचे दोष कोणते, आणि देखभालीअभावी तिच्या माथी मारलेले कोणते.

पार्श्वभूमी थोडक्यात. यामाहाची आरडी ३५० ही मोटारसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने परवाना घेऊन १९८३ पासून राजदूत ३५० या नावाने इथे बनवली आणि १९८९ च्या सुमारास थांबवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर, १२ व्होल्टची वायरिंग आणि वेगळ्या टाकीतून तेल ओढणारा ऑटोल्यूब पंप. मूळ यामाहा ३९ अश्वशक्तीची होती. इथली पहिली गाडी, जिला सगळे एचटी (हाय टॉर्क) म्हणतात, ३०.५ ची आणि नंतरची एलटी (लो टॉर्क) साधारण २७ ची. त्या वेळी बुलेट ३५० ची ताकद १८, येझदी रोडकिंगची १६ आणि एस्कॉर्ट्सच्याच राजदूत १७५ ची साडेसातच्या आसपास होती. म्हणजे साध्या राजदूतवर हात बसलेल्या माणसाला त्याच नावाची, पण चौपट ताकदीची गाडी मिळाली. बदनामीचा पहिला भाग इथेच सुरू होतो आणि त्यात चासीचा काही संबंध नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. हीच डबल क्रेडल चासी अमेरिकेत आणि युरोपात वळणांवर हुकमी चालणारी म्हणून ओळखली जाते. तिकडे प्रॉडक्शन क्लासच्या शर्यतींत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना आरडीने मागे टाकलेलं आहे. मग तीच चासी इथे आल्यावर बेभरवशाची कशी झाली? फरक तीन ठिकाणी पडला. मूळ गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क होती, इथे सात इंची ड्रम आला. टायर आणि रस्ते वेगळे होते. आणि या गाडीचं काम शिकलेले मिस्त्री मोजके होते. पहिला फरक कंपनीचा आहे आणि त्याचा दोष गाडीला दिलाच पाहिजे. बाकीचे दोन आजही दुरुस्त करता येतात.

पुढचा ड्रम म्हणजे ट्विन लीडिंग शू: चाक पुढे फिरताना ब्रेकचे दोन्ही शू आपोआप आणखी घट्ट होतात. दोन्ही शूंना स्वतःचा कॅम, दोन्ही कॅमना बाहेर आर्म, आणि दोन आर्म जोडणारी एक आडवी लिंक रॉड. दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकले तर हा ब्रेक त्या काळच्या कुठल्याही भारतीय गाडीपेक्षा कमी नाही. एकच शू आधी टेकला, तर तो एकटाच झिजत राहतो, दुसरा नुसता सोबतीला, आणि लिव्हर दगडासारखं कडक लागूनही गाडी पुढे जात राहते. ज्यांना "ब्रेक नाहीत" म्हणतात अशा गाड्यांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा हाच दोष दिसतो. शू नवे टाकले जातात, लिंक रॉडला मात्र कुणी हात लावत नाही.

काम करण्याचा क्रम असा. आधी चाकाचे स्पोक ताणून चाक सरळ करून घ्यायचं आणि मगच ड्रम लेथवर लावायचा. उलट केलं तर काम वाया जातं, कारण स्पोकच्या ताणाने ड्रम किंचित अंडाकृती होतो. रिकामा हब टर्न करून आणला आणि नंतर स्पोक ओढले, की लिव्हरमध्ये पुन्हा धडधड येते. म्हणून बांधलेलं चाकच लेथवर चढवायचं, आणि एवढं मोठं चाक फिरेल असा लेथ शोधायचा. जितकं कमी कापलं जाईल तितकं बरं. लायनर थोडे जाड चिकटवून घ्यायचे आणि शू प्लेटवर बसवूनच ड्रमच्या मापाला टर्न करायचे. ड्रमच्या आत खडू फिरवून चाक दोन फेरे फिरवलं की लायनर कुठे टेकतो ते पांढऱ्या डागांवरून कळतं. टेकणारी उंच जागा पॉलिश पेपरने उतरवायची आणि लायनरच्या पुढच्या कडेला तीन-चार मिलिमीटरचा उतार द्यायचा, नाहीतर ब्रेक अचानक पकडतो. कॅमच्या दांड्याला ग्रीस लावायचं, पण नखावर मावेल एवढंच. गरम झाल्यावर जास्तीचं ग्रीस लायनरवरच येतं.

आता लिंक रॉड. लॉक नट सैल करून रॉडची एका बाजूची पिन काढायची. केबलच्या बाजूचा आर्म शू टेकेपर्यंत हाताने दाबून धरायचा, दुसरा आर्म त्याचा शू टेकेपर्यंत दाबायचा, आणि याच स्थितीत पिन जोर न लावता आत जाईल एवढी रॉडची लांबी ठेवायची. लॉक नट आवळताना रॉड फिरू द्यायची नाही. चाक बसवताना ॲक्सलचा नट आधी सैल ठेवायचा, चाक फिरवून ब्रेक करकचून दाबायचा आणि दाबलेलाच ठेवून नट आवळायचा. त्याने प्लेट ड्रमच्या मध्यात बसते. शेवटी पुढचे शॉकअप चार-पाच वेळा दाबून सोडायचे आणि मग ॲक्सलचा क्लॅम्प आवळायचा. ब्रेक दाबल्यावर केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन दिसला पाहिजे. कोन फार पुढे गेला असेल तर लायनर संपलेत असं समजायचं. काही ठिकाणी आर्म काढून एक दाता मागे फिरवून बसवतात, म्हणजे लिव्हर पुन्हा वर येतं. हा प्रकार धोक्याचा आहे. संपलेल्या लायनरवर कॅम पूर्ण आडवा होऊन अडकला तर चाक जाम होतं.

केबलवर पैसे वाचवू नका. पातळ आवरणाची केबल दाबली की आवरणच आखडतं आणि तुमचा निम्मा जोर तिथेच मरतो. जाड आवरणाची, वळणं कमी असलेली केबल टाकल्यावर लिव्हरचा फरक लगेच हाताला कळतो. नवे लायनर बसायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक लावावा लागतो, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन. हे केल्याशिवाय ब्रेकबद्दल मत देणं अन्यायाचं आहे.

एवढं करूनही ज्या उणिवा उरतात त्या गाडीच्या आहेत, आणि त्या मान्य कराव्या लागतात. ड्रम तापला की पकड सुटू लागते. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना वळणामागून वळण ब्रेक धरला, तर खालच्या टप्प्यात लिव्हर जास्त खाली जातं आणि परिणाम कमी मिळतो. टू-स्ट्रोक असल्याने इंजिनचा आधार चार-स्ट्रोकसारखा मिळत नाही, त्यामुळे सगळं ओझं ड्रमवरच येतं. शिवाय ऑटोल्यूब पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालत असला तरी थ्रॉटल बंद असताना सगळ्यात कमी तेल देतो. लांब उतारावर मधूनमधून हलकी रेस देत राहणं हे पिस्टनसाठी गरजेचं आहे. पाण्यातून गेल्यावर पहिला ब्रेक रिकामा जातो, म्हणून पाणी ओलांडलं की ब्रेक हलका धरून थोडं अंतर चालवून ड्रम सुकवायचा. आणि चढावर गाडी मागे सरकू लागली तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. चाक उलटं फिरताना दोन्ही शू आपोआप घट्ट होण्याऐवजी सैल होतात. त्या वेळी मागचा ब्रेक धरायचा.

आता हाताळणीकडे. "साडेतीनशे शेपूट हलवते" ही दुसरी तक्रार. ज्या गाडीची मागची बाजू वेगात वळणावर हळू झोके घेते, तिचा चिमटा आधी बघायचा. कारखान्यातून आलेले चिमट्याचे बुश प्लास्टिकसारख्या नरम पदार्थाचे होते. ते झिजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे दोन्ही शॉकअप खालून सोडायचे, शक्यतो चाकही काढायचं, आणि चिमट्याचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकलायचं. चाक ठेवून तपासलं तर बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि बुशचा प्ले एकमेकांत मिसळतो. टोकाला १ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल जाणवली की बुश गेले. गनमेटलचे किंवा ब्राँझचे बुश कुठलाही चांगला लेथवाला बनवून देतो, ग्रीस निपलमधून ग्रीस बुशपर्यंत पोचेल असा चर त्यात ठेवायला मात्र सांगावं लागतं. हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस मारलं की पुन्हा बघायला लागत नाही. आमच्या मते या गाडीवर करण्यासारखी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक पाडणारी दुरुस्ती हीच.

पुढचं हँडल ४० ते ६० च्या दरम्यान, विशेषतः रेस सोडल्यावर, थरथरत असेल तर तो मागच्या झोक्यापेक्षा वेगळा आजार आहे. त्याची कारणं पुढे असतात: टायर, चाकाचा बॅलन्स किंवा बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक अधांतरी करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवा. मध्यावर खटका लागला तर बॉलनी रेसमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या कड्यांत, खड्डे पाडलेत. इथे नट आवळून काम भागवायची सवय आहे, आणि त्याने गाडी आणखी बिघडते. खड्ड्यात बसलेलं हँडल आपोआप मध्याला येत नाही, चालवणारा सतत बारीक दुरुस्त्या करत राहतो आणि "गाडी सरळच चालत नाही" म्हणतो. रेस बदलायचे. टेपर रोलर बेअरिंग मिळालं तर उत्तम.

पुढच्या शॉकअपच्या ३४ मिलिमीटरच्या नळ्या आजच्या मानाने बारीक आहेत. जोरात ब्रेक लावून वळणात शिरलं की वाक जाणवतो, हे कबूल. पण एका नळीत तेल जास्त आणि दुसरीत निम्मं अशा अवस्थेतल्या गाड्याच जास्त भेटतात. जुनं तेल पूर्ण काढून, मोजपात्राने दोन्हीकडे तंतोतंत सारखं भरा. नळी वाकली आहे का हे जाड काचेवर लोळवून कळतं. नळीला गंजाचे खड्डे असतील तर नवा सील महिन्याभरात गळणार, आणि ते तेल शॉकअपवरून ओघळत ब्रेक प्लेटपर्यंत जातं.

टायरच्या बाबतीत मालकांनीच या गाडीवर सगळ्यात जास्त अन्याय केला आहे. मूळ माप पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८. दिसायला भारदस्त म्हणून मागे १२० मिलिमीटर रुंदीचा टायर घातला की अरुंद रिममध्ये तो चिमटला जातो, माथ्यावर टोकदार होतो, आणि गाडी झुकायला आधी नकार देते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. मागे १०० च्या पुढे जाऊ नका. हवा पुढे २४ ते २६, मागे २८ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करून आपल्या वजनाप्रमाणे बदला. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते नखाने दाबून बघा. मागचे शॉकअप दुसऱ्या गाडीचे टाकले असतील तर लांबी मोजा. लांब शॉकअपने शेपूट वर जाते आणि हँडल चंचल होतं. बसलेल्या शॉकअपने पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी वळणात बाहेर जाऊ पाहते. चेन ॲडजस्टरच्या खुणांवर विश्वास नको. दोन्ही चाकांच्या बाजूने दोरी ताणून चाकं एका रेषेत आणायची.

हे सगळं झालेली साडेतीनशे चालवून बघितली की मत बदलतं. चाकांमधलं अंतर १३२० मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या आसपास, १८ इंची चाकं. बुलेट लांब आहे, तिची चाकं १९ इंची आहेत, ती ८० ला सरळ रस्त्यावर शांत असते आणि तिची कीर्ती त्या वेगावर तयार झाली आहे. साडेतीनशे ११० ला जाऊन डगमगली आणि बुलेट ८० ला डगमगली नाही, ही तुलना होऊ शकत नाही. त्याच वळणावर, त्याच वेगात दोन्ही चालवा: साडेतीनशे कमी जोर लावून झुकते आणि खड्डा चुकवायला पटकन दिशा बदलते. बुलेटला खड्डा आधी दिसावा लागतो. खराब रस्त्यावर सामान आणि मागे माणूस घेऊन दिवसभर जायचं असेल तर मात्र बुलेटच बरी, आणि येझदीही. येझदीचा क्लच गिअरच्या दांड्यानेही सुटतो, त्यामुळे गर्दीत चालवणाऱ्याचा हात कमी दुखतो.

या गाडीच्या हाताळणीतला जो भाग खरोखर सांभाळून घ्यावा लागतो तो इंजिनचा आहे. मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांखाली ती सभ्य असते. त्यावर गेली की ताकद एकदम येते. दुसऱ्या गिअरमध्ये, झुकलेल्या अवस्थेत, ओल्या रस्त्यावर तो काटा ओलांडला तर मागचं चाक सुटतं किंवा पुढचं हलकं पडतं. नव्या माणसाने वळणात एक गिअर वर ठेवावा आणि गाडी उभी झाल्यावरच रेस द्यावी. एचटीमध्ये हा धक्का जास्त स्पष्ट, एलटीमध्ये सौम्य. रोजच्या वापराला आम्ही एलटी घ्यायला सांगू. एचटीला मिळणारा वरचा भाव संग्राहकांचा आहे.

हा धक्का किती कर्कश असेल हे दोन कार्बोरेटर किती जुळलेत यावर अवलंबून असतं. ॲक्सिलेटरची एक केबल पुढे फुटून दोन कार्बोरेटरना आणि तेलपंपाला जाते. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या नाहीत तर खालच्या फेऱ्यांना गाडी एका सिलिंडरवर कुंथते आणि मग दुसरा सिलिंडर अचानक जागा होतो. स्लाइड जुळवल्या की पंपाची खूण परत तपासायचीच, कारण केबल बदलली की पंपाचं मापही हललेलं असतं. दोन्ही सिलिंडरचे सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, वेगळे आहेत. आधी गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून प्रत्येक बाजूचं टायमिंग स्वतंत्र. कानाने टायमिंग लावणारा मिस्त्री या इंजिनाला चालत नाही.

"पिस्टन सीज होतो" या तक्रारीमागेही कारणं ठरलेली आहेत. बऱ्याच गाड्यांचा ऑटोल्यूब पंप काढून टाकलेला असतो आणि पेट्रोलमध्ये अंदाजाने तेल ओतलं जातं. कार्बोरेटरच्या रबर मॅनिफोल्डला चीर गेलेली असते. किंवा डाव्या बाजूचं, म्हणजे मॅग्नेटकडचं क्रँक ऑइल सील कडक होऊन तिथून हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. असं झालं की रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावतं, ही खूण लक्षात ठेवा. उजव्या बाजूचं सील गेलं तर उलट दिसतं: क्लचकडचं तेल आत ओढलं जातं, त्या बाजूच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा आणि बी८एचएस प्लग दोन्ही काढून शेजारी ठेवा. दोन वेगळे रंग दिसले तर विकणारा काहीही सांगो, आत काम आहे.

ॲव्हरेज वीस-पंचविसाच्या वर धरू नये. हा दोष आहे आणि त्यावर इलाज नाही.

रस्त्यावर पारख करताना क्रम ठेवा. आधी ताशी ३० ने मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना गोल फिरवा. एका बाजूला गाडी सहज झुकते आणि दुसरीकडे अडते, तर चासी किंवा चाकांची रेषा वाकडी. मग सरळ रस्त्यावर ६० वरून रेस सोडा, हात हँडलवर हलके ठेवून, पण सोडून नव्हे. मग तिथूनच दोन्ही ब्रेक. गाडी एका बाजूला ओढते का, लिव्हर धडधडतं का ते बघा. आणि पुन्हा पुन्हा, पाच-सहा वेळा लागोपाठ. पहिल्या ब्रेकवरून मत बनवू नका, सहाव्यावरून बनवा. ८० च्या पुढे नेण्याची गरज यानंतरच.

कागदांबद्दल एक गोष्ट. विक्रेते या गाडीला सर्रास व्हिंटेज म्हणतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात, म्हणजे १९८३ ची गाडीसुद्धा त्यात अजून बसत नाही. तिची आरसी नेहमीच्या पद्धतीने १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेली आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरलेली असली पाहिजे. चासी नंबर ठोकलेली जागा नव्या रंगाखाली बुजलेली असेल तर रंग खरवडून दाखवायला सांगा. नकार आला तर तिथेच थांबा. बाकी सगळं नीट असेल तर चिमट्याचे बुश, बॉल रेसर, दोन टायर, पुढच्या ड्रमचं लेथकाम, लायनर, केबल आणि क्रँकची सीलं हा खर्च कागदावर मांडून सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि मगच भावाला बसा.